मीटर कुणाच्या नावावर

घराला भिंती आल्या, फरशी आली, दारांना कड्या आल्या, तरी ते घर काही राहण्याजोगं होईना. कारण वीज नव्हती, आणि वीज नव्हती म्हणून पाणीही नव्हतं. मखमलाबाद रोडच्या त्या नव्या वस्तीत नळाचं पाणी जेमतेम जमिनीखालच्या टाकीपर्यंत यायचं. तिथून गच्चीवर चढवायला मोटर हवी. मोटर बसवून तयार होती. वायरमनने सगळ्या खोल्यांची फिटिंग करून टेस्ट रिपोर्टही हातात ठेवला होता. विजेचा खांब तर आमच्या फाटकासमोरच उभा होता. त्या खांबावरून आमच्यापर्यंत वायर आणि एक मीटर, एवढंच बाकी होतं.

तोवर आम्ही पंचवटीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. घरमालकांच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि त्यांना मेअखेर त्या खोल्या परत हव्या होत्या. मागत होते अगदी गोडीने, पण मागत होते. नव्वदच्या दशकातली ती शेवटची वर्षं. मी दहावीची परीक्षा देऊन रिकामी झाले होते, त्यामुळे झेरॉक्स काढणं, फॉर्म भरणं आणि मोठ्यांच्या मागे पिशवी घेऊन फिरणं ही कामं माझ्याकडे आली.

जागा आईची होती. तिच्या वडिलांचा तिथे फुलांचा मळा होता. आईचं लग्न व्हायच्या आधीच त्यांनी मळ्याच्या कडेचा दोन गुंठ्यांचा तुकडा तिच्या नावावर करून ठेवला. मुलीच्या नावावर जमीन करतो म्हणून गावातले लोक त्यांना हसले होते म्हणे. पुढे शहर सरकत सरकत त्या तुकड्यापाशी आलं. आजोबा तोवर गेले होते. मग बाबांनी तिथे घर बांधायला घेतलं.

एप्रिलमध्ये आम्ही तिघं वीज ऑफिसात अर्ज द्यायला गेलो. खिडकीपलीकडच्या साहेबांनी जमिनीचा उतारा पाहिला, रेशनकार्ड पाहिलं, मग दोन्ही कागद शेजारी ठेवून आमच्याकडे वळवले.

"यातल्या या बाई कोणत्या?"

आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत आहे. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं, मग साखर वाटायची. पाच मिनिटांचं काम. पुढे ते तांदूळ कुठे जातात देव जाणे, नाव मात्र चिकटतं. आईचं पहिलं नाव बदललं, मधलं वडिलांचं जाऊन नवऱ्याचं आलं, आडनावही गेलं. उताऱ्यावर ती लग्नाआधीची होती आणि रेशनकार्डावर नंतरची. तिन्हीच्या तिन्ही शब्द वेगळे. नकाशा मंजूर करून घेताना आर्किटेक्टने उताऱ्यावरचंच नाव उतरवलं होतं, तेव्हा कुणी रेशनकार्ड मागितलं नव्हतं, म्हणून हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. कागदांच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या बायका होत्या, आणि एकीच्या जागेत दुसरी वीज मागत होती.

दुसऱ्या खेपेला आम्ही लोखंडी पेटीच्या तळातून आईबाबांची लग्नपत्रिका शोधून नेली. साहेबांनी ती अगदी कार्यस्थळापर्यंत वाचली.

"पत्रिकेवरून कळतं, की उताऱ्यावरच्या बाईंचं लग्न यांच्याशी झालं," ते म्हणाले. "रेशनकार्डावरून कळतं, की या बाई यांच्या पत्नी. पण दोघी एकच, हे कुठे लिहिलंय? यांच्या दोन बायका असू शकतात."

बाबांचा चेहरा लालेलाल झाला. ते आयुष्यभर एका ऑफिसात कारकुनी करत आलेले, कागदावर त्यांचा देवाइतका विश्वास. आई मात्र हसली.

"साहेब, यांना एकीचंच पुरे झालंय."

साहेबही हसले आणि मार्ग सांगितला. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र करा, आणि माहेरचं कुणीतरी साक्षीला आणा.

कोर्टाजवळ झाडाखाली बसणाऱ्या टायपिस्टने ते टाइप केलं. 'वरील दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून ती मीच आहे,' असं त्यात वाक्य होतं. आईने त्याला ते पुन्हा एकदा वाचायला सांगितलं. काही चुकलंय का, असं त्याने विचारलं, तर ती म्हणाली, नाही, बरोबर आहे.

साक्षीला मामा आला. आईचा धाकटा भाऊ, मळा तोच बघायचा. लूनावरून आला तो बाजारात झेंडू उतरवून थेट, शर्टाला पाकळ्या तशाच. साहेबांनी त्याला विचारलं, या तुमच्या कोण?

"ताई हाय माझी. हिच्या कडेवर लहानाचा मोठा झालो, साहेब. नाव काय बी लिव्हा, बहीण हीच हाय. मला नाय वळखू येनार?"

त्याच्या सहीनंतर साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "झालं मग. आता सांगा, कनेक्शन कोणत्या नावाने? दोन्ही चालतील."

"रेशनकार्डावरचं," बाबा म्हणाले.

"उताऱ्यावरचं," आई म्हणाली.

दोघं एकदमच बोलले. साहेबांनी टोपण परत लावलं आणि म्हणाले, बाहेर बसून ठरवा.

बाहेरच्या बाकावर बसून बाबा हळू आवाजात बोलत राहिले. बिलावर भलतंच आडनाव पाहून लोक विचारतील, हे घर कुणाचं? यात माझं नाव कुठेच नाही. आणि शेवटी, जरा दुखावून, "तुझं नाव मी किती विचार करून ठेवलं होतं."

"छान आहे ते," आई म्हणाली. "पण त्या नावाने तुम्ही मला कधी हाक मारलीत?"

बाबा आठवू लागले. मीही आठवून पाहिलं. बाबा तिला 'अगं' म्हणत, आम्ही आई, शेजारी वहिनी, माहेरी ताई. ते तांदळातलं नाव रेशनकार्डावर होतं आणि लोकांनी पाठवलेल्या पत्रिकांवर होतं, बाकी कुठे नाही.

"पहिल्या नावाने मला एक माणूस रोज हाक मारायचा," ती म्हणाली. "जागा त्यानेच दिली. त्या जागेवर माझं तेच नाव असू दे."

मी बाबांच्या बाजूने होते, हे आज कबूल करते. मला वाटलं, इतक्या खेपा घातल्यावर हे काय नवीन खूळ. घर मिळतंय ते घ्यावं की गुपचूप. सोळाव्या वर्षी मला न्यायाची फार आवड होती, पण ती स्वतःपुरती.

आई उठून आत गेली. बाबा बाकावरच बसून राहिले. तिने उताऱ्यावरचं नाव सांगितलं आणि सही केली. पोचपावती घेऊन ती बाहेर आली तेव्हा तिला इतका आनंद झाला होता, की तिने आम्हा सगळ्यांना उसाचा रस पाजला. मामाने दोन ग्लास घेतले. बाबांनी अर्धा ठेवला.

मे संपायच्या आत लाइनमन आला. शिडी लावून त्याने वायर ओढली, जिन्याखाली मीटर बसवलं, सील केलं. मोटर घरघरली आणि थोड्या वेळाने गच्चीवरच्या टाकीत पाणी पडू लागलं. आई कोपरापर्यंत हात घालून त्या धारेखाली उभी राहिली. घरमालकांकडच्या लग्नाच्या चार दिवस आधी आम्ही पंचवटीच्या खोल्या सोडल्या. घरमालकीणबाईंनी आईची ओटी भरली.

नव्या घरात बाबा सगळं करत होते. गॅसचा नंबर बदलून आणला, फोनसाठी अर्ज टाकला, खिळे ठोकले. नावाचा विषय मात्र त्यांनी काढला नाही, आणि आईनेही नाही. दारावर पाटी लावायची तेवढी राहिली होती, ती तशीच राहिली.

मग पहिलं बिल आलं. रविवार होता. बिल वाटणारा माणूस वस्तीत नवा होता, पाट्या कुठल्याच घराला नव्हत्या, म्हणून तो प्रत्येक फाटकाशी सायकल थांबवून मोठ्याने नाव पुकारत होता. आमच्या फाटकाशी त्याने आईचं नाव घेतलं. तिचं, आजोबांचं, त्यांचं आडनाव, पूर्ण, खणखणीत.

बाबा ओट्यावर पेपर वाचत होते. ते बिल घ्यायला उठले. तेवढ्यात गच्चीवरून आईची ओ आली. शाळकरी मुलगी देते तशी, लांबलचक ओ. एवढ्या मोठ्याने बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. तिचं तिलाही कळलं नसावं, कारण पाठोपाठ जिन्यावर तिची पावलं धडधडत खाली येऊ लागली.

माणसाने बिल बाबांपुढे धरलं. बाबांनी हात मागे घेतला.

"थांबा जरा," ते म्हणाले. "ज्यांचं आहे त्या येतायत."