दोनशे बारा नंबरचा बाप

टायशर्टांच्या रँचवर वळूंची वंशावळ सात पिढ्यांपर्यंत तोंडपाठ असते. सुनेचं माहेर मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही. आर्डिथ लग्न होऊन त्या घरात आली त्याला अडतीस वर्षं झाली, तरी तिचा सासरा ओरिन अजून पाहुण्यांना सांगतो, "ही आमची सून. गावातली आहे." गाव म्हणजे त्यांच्या फाटकापासून बावीस मैल. तिच्या वडिलांचं तिथे औषधांचं दुकान होतं. पण ओरिनच्या सुरावरून वाटावं की पोरगी गलबतातून आणली आहे.

मी शेजारी, व्हर्न कॉस्मिकी. नेब्रास्काच्या या वाळूच्या टेकड्यांत माझी तीनशे गाई-गुरं आहेत. साधी. वाढवायची आणि मांसासाठी विकायची. टायशर्टांचं तसं नाही. ते मांस विकत नाहीत, ते रक्त विकतात. नोंदणी झालेले काळे अँगस वळू वाढवायचे आणि माझ्यासारख्यांना पैदाशीसाठी विकायचे, हा त्यांचा चार पिढ्यांचा धंदा. दर मार्चच्या तिसऱ्या सोमवारी त्यांच्या मोठ्या कोठारात लिलाव भरतो. त्याआधी चिली, म्हणजे राजमा-खिम्याचा तिखट रस्सा, आणि दालचिनीचे रोल फुकट मिळतात. आम्ही रोल खायला जातो आणि येताना वळू घेऊन येतो.

फाटकावर पाटी आहे : 'ओरिन टायशर्ट आणि मुलगे'. मुलगे दोन. थोरला फीनिक्स शहरात विमा विकतो आणि गाईला घाबरतो. धाकटा लाइल, आर्डिथचा नवरा. तो कामाला वाघ आहे, पण बोलायच्या बाबतीत असा कंजूष की त्यानं लग्नाची मागणी कशी घातली हे मला आजही कोडं आहे. पहाटे प्रसववेदना सुरू झालेल्या गाईपाशी जायचं, वासराचं वजन करायचं, कानात बिल्ला मारायचा, कोण कुणाचं हे वहीत लिहायचं, त्या नोंदी अँगस पैदासकारांच्या संघटनेला कळवायच्या, हे सगळं आर्डिथ करते. पाटीवर तिच्यासाठी जागा उरली नसावी.

ओरिनचा आता चौऱ्याऐंशीव्या वर्षी एकच अभिमान होता, मोनार्क. हा वळू त्यानं मोंटानाहून आणला होता, आणि त्याच्या किमतीत मी घर बांधलं असतं. ओरिन त्याला 'सर' म्हणायचा बाकी होता. मोनार्कच्या गोठ्यात पंखा होता. आर्डिथच्या स्वयंपाकघरात नव्हता.

माझ्याकडेही एक वळू होता. टायशर्टांचाच. चार वर्षांपूर्वीच्या लिलावात शेवटून पहिला आला होता तो. पाय जरा आखूड, चेहरा बावळट. कुणी हात वर करेना, तेव्हा ओरिननं माझ्याकडे असं पाहिलं की रोलचे उपकार आठवून मी हात वर केला. कागदावर त्याचं नाव लांबलचक होतं. आम्ही त्याला स्पड म्हणायचो, म्हणजे बटाटा.

बटाट्याला एकच कला येत होती. कुंपण ओलांडणं. एका जूनमध्ये तो तार तोडून टायशर्टांच्या कुरणात गेला आणि तीन दिवस पाहुणचार घेऊन आला. मी प्रामाणिक माणूस. लगेच ओरिनला फोन केला.

"ओरिन, माझा बटाटा तुमच्या गाईंत होता. तीन दिवस."

"मोनार्क तिथे असताना?" ओरिन हसला. "अरे, माझ्या गाई त्याच्याकडे ढुंकूनसुद्धा बघायच्या नाहीत."

गाईंनाही घराणं कळतं म्हटल्यावर मी काय बोलणार? मी तार जोडली.

पुढच्या वसंतात वासरं झाली. त्यात एक खोंड असा निघाला की बघत राहावं. जन्मताना हलका, गाय सहज मोकळी झाली, आणि मग गडी नुसता वाढत सुटला. पाठ सरळ, मांड्या भरलेल्या, स्वभाव गरीब. कानातला नंबर दोनशे बारा. ओरिन रोज त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसायचा.

"चाल बघ त्याची," मला म्हणायचा. "हुबेहूब बाप."

मी चाल बघायचो. मला त्यात काहीतरी ओळखीचं वाटायचं, पण चारचौघांत म्हाताऱ्याचा आनंद कशाला घालवा?

वळू विकण्याआधी त्याच्या बापाची डीएनए तपासणी करून घेण्याचा आर्डिथचा शिरस्ता होता. ओरिनला तो घराण्याचा अपमान वाटायचा. "माझा शब्द पुरेसा नाही का?" तो विचारायचा. आर्डिथ गुमान कानाचे नमुने घेऊन टपालात टाकायची. त्या वर्षी काही नमुने खराब निघाले, दुसऱ्यांदा पाठवावे लागले, आणि उत्तर येईपर्यंत फेब्रुवारी संपत आला. तोवर कॅटलॉग छापून घरोघरी पोचला होता. मुखपृष्ठावर दोनशे बाराचा फोटो, खाली जाड अक्षरांत 'मोनार्कचा वारस'.

उत्तर आलं त्या दुपारी आर्डिथ माझ्याकडे आली. कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते हसण्याचं होतं की कसलं, मला सांगता येणार नाही.

"व्हर्न, अभिनंदन कर माझं. आमच्या राजपुत्राचा बाप तुझा बटाटा आहे."

बटाटा मुळात टायशर्टांचाच, त्यामुळे त्याच्या डीएनएची नोंद संघटनेकडे होतीच. ताळा अचूक जुळला होता. आणि एकटा दोनशे बारा नव्हे. आणखी तीन खोंड बटाट्याचे निघाले होते. चौघेही वजनात पहिल्या दहांत. मोनार्कची स्वतःची वासरं मधल्या रांगेत कुठेतरी शांतपणे रवंथ करत होती.

"आता गं?" मी विचारलं.

"आता काय? खरं सांगायचं. खोंड शुद्धच आहे, फक्त बापाचं नाव बदलायचं."

"ओरिनला कोण सांगणार?"

"त्यासाठीच तुझ्याकडे कॉफी प्यायला आले. जरा धीर येऊ दे."

तिनं त्याच संध्याकाळी ओरिनला सांगितलं. ओरिननं कागद उलटा धरून वाचला, मग सुलटा धरून वाचला, आणि म्हणाला, "यंत्र चुकलं."

"बाबा, त्यांनी दोनदा पडताळलंय."

"मग दोनदा चुकलं. सूनबाई, तो काळा, हाही काळा. गिऱ्हाइकाला काय फरक पडतो?"

"फरक पडत नसेल तर आपण वंशावळ कशाला विकतो?"

यावर ओरिननं बायबल, आपले आजोबा आणि गावातल्या मुलींचं संगोपन हे तीन विषय काढले. लाइल तिथेच होता. तो उठून बाहेर गेला आणि त्यानं गरज नसताना ट्रॅक्टरचं तेल बदललं.

लिलावाच्या आधी बदल कळवायचे तर एक सुटा कागद वाटायची पद्धत असते. आर्डिथनं पिवळ्या कागदावर चारही खोंडांची खरी माहिती छापून आणली, चारशे प्रती. सोमवारी सकाळी ती प्रती आणायला कचेरीत गेली तर खोकं रिकामं. कोठारातली शेगडी मात्र त्या दिवशी छान तापली होती. ओरिन शेजारी उभा राहून हात शेकत होता.

"थंडी आहे," तो म्हणाला.

आर्डिथनं ॲप्रन काढला, घडी घालून रोलच्या टेबलावर ठेवला. मी रांगेत तिसरा होतो. तिचा चेहरा पाहून मी घेतलेला रोल परत ठेवला, यावरून परिस्थिती ओळखा.

दहा राज्यांचे नंबर असलेल्या गाड्या बाहेर उभ्या होत्या. आत तीनशे टोप्या. ओरिननं दर वर्षीचं स्वागताचं भाषण केलं : देव, देश, आजोबा आणि मोनार्क, याच क्रमाने. पण शेवटच्याला जास्त वेळ दिला. मग लिलाव पुकारणाऱ्यानं घसा खाकरला, तेवढ्यात आर्डिथ लाकडी पायऱ्या चढून त्याच्या शेजारी उभी राहिली आणि तिनं माइक मागितला. तो बिचारा इतका गोंधळला की त्यानं देऊन टाकला.

"मी आर्डिथ टायशर्ट," ती म्हणाली. "इथल्या नोंदी मी ठेवते. कॅटलॉगमध्ये चार चुका आहेत."

ओरिननं आवाजाच्या यंत्रापाशी बसलेल्या लाइलकडे बघून गळ्यावरून बोट फिरवलं. बंद कर. सगळ्यांनी पाहिलं. लाइलनं बापाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि बटण धरून आवाज आणखी मोठा केला. अडतीस वर्षांतलं हे त्याचं सर्वांत लांब भाषण.

आर्डिथनं चारही नंबर सांगितले. बापाचं नाव सांगितलं. तो वळू याच कोठारातून शेवटच्या नंबरला गेला होता, हेही सांगितलं. "कुंपण तोडून आला होता. शेजाऱ्यानं कळवलं होतं, आम्ही ऐकलं नाही. ज्यांना मोनार्कचा मुलगा हवा होता त्यांनी या चौघांवर बोली लावू नये. बाकीची वजनं, मापं सगळी खरी आहेत. ती मी स्वतः घेतली आहेत."

खाली एक वळू खोकला. मग वायोमिंगचा एक म्हातारा उभा राहिला. टायशर्टांचं जुनं गिऱ्हाईक.

"बाई, बाकी ठीक आहे. पण तो बाप आत्ता कुठे आहे? मला तोच हवाय."

आर्डिथनं माझ्याकडे पाहिलं. तिच्यामागोमाग तीनशे टोप्या वळल्या. ओरिननंही पाहिलं, आणि त्या नजरेत, देवाशपथ सांगतो, आशा होती.

मी उभा राहिलो. "ऑक्टोबरमध्ये विकला," मी म्हणालो. "कुंपणं फार तोडायचा."

"कुणाला?"

"खाटकाला."

कोठार हसून हसून हललं. ओरिन तेवढा हसला नाही. तो हळूच खुर्चीवर बसला, आणि मला पहिल्यांदा त्याचं वय दिसलं. उभ्या आयुष्यात डोळ्यांनी वळू पारखणारा माणूस, आणि त्याच्याच कळपातला सर्वांत चांगला वळू त्यानंच, रोलचे उपकार दाखवून, माझ्या गळ्यात मारला होता. मीही काही कमी शहाणा नव्हतो. मी तर त्याचा खिमा करवला.

लिलाव झाला. दोनशे बाराला ओरिनच्या स्वप्नातला भाव मिळाला नाही. मोनार्कच्या नावावर आलेले दोन श्रीमंत रँचवाले बोली न लावताच उठून गेले. वायोमिंगच्या म्हाताऱ्यानं तो खोंड घेतला, चांगल्या भावात, आणि उरलेले तिघेही घेतले. जाताना त्यानं ओरिनशी हात मिळवला, पण पुढच्या वर्षीचे वळू कोणते चांगले, हे मात्र आर्डिथला विचारलं.

ओरिन तीन आठवडे तिच्याशी बोलला नाही. "अडतीस वर्षांतली सगळ्यात निवांत सुट्टी," आर्डिथ मला म्हणाली. पण तिसऱ्या आठवड्यात ती स्वतःच त्याच्या खोलीत दोनदा डोकावून आली, हेही तिनंच सांगितलं. म्हातारा जेवत नव्हता. चौथ्या आठवड्यात तो गावातल्या कॅफेत गेला आणि तिथे सगळ्यांना सांगू लागला की आमच्या घरात सत्य लपवायची रीत नाही, मीच सुनेला म्हणालो, चढ वर आणि सांग. कॅफेतले सगळे लिलावाला हजर होते. सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्याकडे चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला एवढी सूट असते.

मे महिन्यात आर्डिथनं मोनार्क विकायला काढला. ओरिन भांडेल म्हणून ती आणि मी तयारीत होतो. तो भांडला नाही. ट्रक आला त्या दिवशी तो काठी टेकत बाहेर आला. लाइलनं वळूला वर चढवलं, फळी लावली. ओरिननं टोपी काढली आणि ट्रक टेकडीमागे जाईपर्यंत तसाच उभा राहिला.

आर्डिथनं त्याच्या हातात कॉफीचा कप दिला. त्यानं तो अर्धा संपवला.

"मग," कपात बघत तो म्हणाला, "या वर्षी गाईंत कुठला सोडायचा म्हणतेस?"

मी कुंपणाला तार ओढत होतो, तो हात थांबला. लाइलसुद्धा वळून बघायला लागला.

"दोन-तीन आहेत डोक्यात," आर्डिथ म्हणाली. "चला, दाखवते."