कोऱ्या सीडीवरची रेघ

देवबागच्या आत्याकडे मोबाइल नाही, जुना सीडी प्लेअर आहे. बाबा गेल्यावर तिने एकच मागणं केलं, त्यांनी गायलेली भजनं. ती माझ्या मोबाइलवर होती, तिच्यासाठी सीडीवर उतरवायची होती. पण माझा कॉम्प्युटर जुन्या गाण्यांच्या सीडी बिनतक्रार वाजवायचा आणि कोरी घातली की ‘सीडी घाला’ म्हणायचा. मालवणच्या बाजारात एक बाई अशा दुरुस्त्या करते असं कळलं, तेव्हा तो उचलून तिच्याकडे गेलो.

तिने आधी समुद्राकडची खिडकी लावली, मग पंखा बंद केला. “खारो वारो भायर रवांदे,” म्हणाली. भर दुपारी आम्ही दोघंही घामाने निथळत होतो. ड्राइव्ह उघडून तिने मण्याएवढी लेन्स कापसाने पुसली. पुसताना ती स्वतःचा श्वासही रोखून धरत होती.

“काकी, भरलेली चालते, मग कोरीच का नाही?”

तिने माझी सीडी उजेडात तिरकी धरली. “ही कोरी नाय रे. हिच्यार पण बारीक रेघ आसता. भरलेली आराडता, ही कुजबुजता. लेन्स खारावली काय कुजबुज ऐकाक येणा नाय.”

त्या गुळगुळीत चकाकीकडे मी बघतच राहिलो.

संध्याकाळी आत्याकडे भजनं उतरवलेली सीडी लावायच्या आधी मी उठून खिडकी लावली आणि पंखा बंद केला. इतक्या वेळा ऐकलेलं ते भजन. पण ते सुरू होण्याआधी बाबांनी घेतलेला श्वास मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आला.