खाटेखालचं बेणं

आमची मोठमाय उन्हाळ्यात घरातली सगळ्यांत गार जागा आलूंना देत असे. मागच्या खोलीत तिच्या खाटेखाली वाळू अंथरलेली, खाटेभोवती ओल्या गोणपाटाचे बोरे टांगलेले, आणि आत पुढच्या हंगामाचं बेणं. सुट्टीत मी कॉलेजातून तिच्या वाडीच्या घरी आलो की पुढच्या खोलीत पत्र्याखाली घामाने निथळत पडायचो. कुरकुर केली की म्हणायची, "तू शिकून राहिला बाबू, तुले कुठंही पंखा भेटन. त्यायले कोण पाहीन?"

मोठमाय म्हणजे माझ्या वडिलांची थोरली वहिनी. घरामागच्या तुकड्यात ती एकच वाण लावायची. लाल सालीचा, खोल डोळ्यांचा, लहानखुरा. सोलायला किचकट, पण रश्श्यात कितीही उकळा, फुटायचा नाही. आजूबाजूचे लोक तिच्याकडूनच बेणं नेत. उन्हाळाभर जपणं मात्र तिच्याशिवाय कोणाला जमलं नाही. पाला पिवळा पडून लोळला तरी तिला काढणीची घाई नसे. एक आलू उकरून सालीवर अंगठा घासायची. साल सुटली की परत माती ओढायची. "कच्चा हाय अजून. झोपू दे त्याले."

मी आमच्या घराण्यातला पहिला बी.एस्सी. मला त्याचा अभिमान होता, आजही आहे. तिला माझ्याहून जास्त. भाजीवाल्यालाही बजावायची, "आमचा बी.एस्सी. आहे गा हा, नीट तोल."

मी पास झालो त्या वर्षी, पावसाळा सरताना, ती अंगणात घसरली. आठ दिवस दवाखान्यात होती. तिला घरी आणायच्या आदल्या दिवशी मी घर झाडायला गेलो. ओसरीवर सगळे आलू पसरलेले. हिरवे पडलेले, कोंब फुटलेले. हिरवा आलू विषारी, हे मी पुस्तकात शिकलो होतो. एकूणएक कचरागाडीत टाकले. खाटेखालची वाळूही झाडून काढली.

ती आली आणि ओसरीवरच थांबली.

"आलू?"

"खराब झाले होते, मोठमाय. फेकले."

ती खाटेवर जाऊन बसली. म्हणाली, "लावायच्या आधी उजेडात हिरवे करा लागते, बाबू. कोंबात दम येते. खायचे नव्हते ते."

त्यावर पुन्हा कधी बोलली नाही.

दसऱ्यानंतर शेजारीण टोपली घेऊन आली. "काहून वं बाई, यंदा बेणं देत नाही का?"

मी दारात उभा होतो. मोठमायने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"उंदरायनं खाल्लं."

"सगळं?"

"सगळं. आमचा बी.एस्सी. दवाखान्यात माह्याजवळ बसून होता. घरी असता तं वाचवलं असतं त्यानं."

पुढच्या उन्हाळ्यात ती रिकाम्या खाटेभोवती बोरे भिजवून टांगत होती. विचारायची माझी हिंमत झाली नाही. त्याच्या पुढचा उन्हाळा तिने पाहिला नाही.

खाट आता सक्करदऱ्याला माझ्या घरी आहे. बाजारात लाल आलू दिसला की उचलून डोळे पाहतो, उथळ निघतात. वाडीला गेलो की ती शेजारीण भेटते. दर वेळी म्हणते, "उंदरं नसते आले तं आज राहिलं असतं ते बेणं."

मी अजूनही हो म्हणतो.