अठ्ठावन्न किलोंची टोपली

बाजारात त्याला सगळे काटेवाला म्हणायचे. वजनकाटे दुरुस्त करायचा त्याचा चाळीस वर्षांचा धंदा. किराणा दुकानातला काटा असो, भंगाराच्या गोदामातला असो, सोनाराच्या काचपेटीतला असो, तो आधी एकच गोष्ट करायचा. पारडं फडक्यानं पुसायचा, हात मागे घ्यायचा आणि वाट बघायचा. रिकामं पारडं शून्यावर यायला हवं. ते आलं नाही तर पुढचं सगळं खोटं.

"अहो, दोन-चार ग्रॅमनं कुणाचं घर बुडतंय?" घाईतले दुकानदार म्हणायचे.

तो शून्य येईपर्यंत स्क्रू पिळत राहायचा.

असा हा माणूस स्वतःची गाडी विकायला निघाला आणि तीन आठवडे त्याला तिची किंमत सांगता येईना.

गाडी म्हणजे भारी इंजिनाची जुनी मोटरसायकल, डाव्या अंगाला साइडकार. साइडकार त्यानं स्वतः बनवली होती. बायकोचा उजवा खुबा लहानपणापासून आखडलेला. मोटरसायकलवर मागे बसणं तिला कुठल्याच बाजूनं जमायचं नाही, आणि बसची पायरी तिच्यासाठी भिंतीएवढी उंच. लग्नानंतर पहिली दोन वर्षं ती चालत जाता येईल तेवढंच गाव ओळखत होती. मग त्यानं एका वेल्डरच्या शेडमध्ये अकरा रविवार घालवले. पाइपाची चौकट, पत्र्याचा सांगाडा, स्कूटरचं चाक. मागची गिअरची चकती मोठी बसवली, म्हणजे ओझं घेऊन चढ चढता येईल. बाराव्या रविवारी गाडी दारात आणली. बायको तिच्याभोवती एक चक्कर मारून आली.

"छानच झालीय," ती म्हणाली. "आता मला उचलून आत ठेवायला क्रेन कधी येणार?"

साइडकारला दार नव्हतं. काठावरून पाय टाकून आत उतरायचं, असं त्यानं सगळ्या चित्रांत बघितलं होतं आणि तसंच बनवलं होतं. कुणासाठी बनवतोय तेवढं विसरला होता. पुढच्या रविवारी त्यानं सांगाड्याला करवत लावली आणि तिच्या गुडघ्याच्या उंचीवर दार कापलं. ती आत बसली, दार ओढून घेतलं आणि म्हणाली, "टोपलीत भाजी बसली. चला."

तेव्हापासून ती टोपली.

साइडकारची गाडी सरळ चालणं हे सोपं काम नाही. टोपलीत वजन जास्त झालं तर गाडी डावीकडे जाते, कमी झालं तर हँडल उजवीकडे पळतं. म्हणून जोडणीचे चार बोल्ट ढिले करून, मोटरसायकल जराशी बाहेर कलती ठेवून, टोपलीचं चाक जरासं आत वळवून, नेमक्या एका वजनासाठी ती लावून घ्यावी लागते. काटेवाल्यानं ती अठ्ठावन्न किलोंना लावली. तेवढं बायकोचं वजन होतं. दोन्ही हात सोडले तरी गाडी रेघेवरून हलायची नाही. हात सोडले की टोपलीतून ओरडा यायचा.

टोपलीतून तसं बरंच काही यायचं. ती सारखी बोलायची. रस्ता, झाडं, दुकानांच्या पाट्या, कुणाच्या गॅलरीत वाळत घातलेल्या पडद्यांचा रंग. इंजिन त्याच्या मांड्यांमध्ये, त्यामुळे त्याला निम्मंही ऐकू यायचं नाही. तो म्हणायचा, "हो." तीस वर्षं तो हो म्हणत राहिला. घरी आल्यावर ती कधीकधी विचारायची, "कशाला हो म्हणालात, आठवतंय?" आणि हसून आत जायची.

शेवटच्या वर्षात ती आजारी पडली. दवाखान्यात तो तिला टोपलीतूनच न्यायचा. एका सकाळी वळणावर त्याच्या लक्षात आलं की हँडल हलकेच उजवीकडे जातंय. टायरची हवा बघितली, बोल्ट बघितले. सगळं ठीक होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं एक किलोचं लोखंडी वजन आणून टोपलीत तिच्या पायाशी ठेवलं.

"हे काय?"

"गाडी उजवीकडे जाते."

ती जरा वेळ त्या वजनाकडे बघत बसली. मग म्हणाली, "जेवले असते हो दोन घास जास्त. सांगायचं नाही का?"

तो बोल्ट फिरवून गाडी तिच्या नव्या वजनाला लावू शकला असता. दोन तासांचं काम. पण त्यानं बोल्टांना हात लावला नाही. एकाच्या जागी दोन किलो आले, मग पाच, मग दहा. ती जेवढी कमी होत गेली तेवढं लोखंड तिच्या पायाशी वाढत गेलं आणि गाडी रेघेवरून सरळ चालत राहिली. एकदा नर्सनं तिला काट्यावर उभं केलं. आकडा स्थिर व्हायच्या आत तो भिंतीकडे बघत म्हणाला, "एक्केचाळीस." नर्सनं काट्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि आकडा लिहून घेतला.

ती गेल्यावर टोपलीत वीसची दोन, दहाचं एक, पाचचं एक, दोनचं एक आणि एक किलोचं एक अशी वजनं राहिली. तो ती घेऊनच कामाला जायचा. लोकांना वाटायचं, धंद्याची वजनं आहेत. धंद्याचीच होती.

मुलगी दुसऱ्या शहरात राहायची, चौथ्या मजल्यावर. त्याच्या गुडघ्यानं आता किक मारू देणं बंद करत आणलं होतं, आणि घरमालकाला खोली महिनाअखेर रिकामी हवी होती.

"बाबा, इथे सायकल ठेवायला जागा नाही," मुलगी फोनवर म्हणाली. "देऊन टाका ना कुणाला. फुकट द्या."

"फुकट देणं म्हणजे किंमत ठरवायचा कंटाळा."

"मग ठरवा! तीन आठवडे काय करताय?"

तो दलालाकडे गेला. जुन्या गाड्यांच्या या दलालानं आयुष्यभर गाड्यांना लाथा मारून भाव केले होते. त्यानं टोपलीलाही एक मारली.

"टोपलीसकट पन्नास हजार. टोपली काढून आणलीत तर सत्तर."

"म्हणजे एवढं काम केलं म्हणून वीस कमी?"

"काका, रागावू नका. बदल केला की गाडीची किंमत वाढत नाही, गिऱ्हाइकं कमी होतात. आणि हे दार कुणी कापलं? सांगाड्याचा जीव गेला."

"मी कापलं."

"हातात करवत होती म्हणून?"

काटेवाल्यानं दार लावून घेतलं आणि गाडी परत आणली. पण दलालाचं म्हणणं त्याला खोटं वाटलं नाही. घरी बसून त्यानं एका जुन्या पावतीच्या पाठीमागे लिहिलं. गाडी, बाजारभावानं, सत्तर. टोपलीचं लोखंड, चाक, आस, चौदा. बदललेल्या गाडीला गिऱ्हाईक कमी म्हणून वजा बारा. अकरा रविवारांची मजुरी, शून्य. ते रविवार कधीच फिटून गेले होते. शेवटी 'दार' एवढं लिहिलं आणि त्यापुढे बराच वेळ पेन्सिल धरून बसला. दाराची जागा कोरी ठेवून त्यानं बेरीज केली. बहात्तर. आकडा त्याला सरळ वाटला.

गिऱ्हाईक आलं ते एका रोपवाटिकेची मालकीण. पंचेचाळिशीची बाई, नखांत माती, स्वतःच्या जुन्या मोटरसायकलवरून आलेली. तिला घरोघरी कुंड्या पोचवायच्या होत्या. तिनं गाडीला लाथ मारली नाही. टोपलीचं दार उघडलं, मिटलं, परत उघडलं.

"हे फार कामाचं. कुंडी अशी सरकवून आत ठेवता येईल, कंबर मोडायची नाही. दाराचे किती लावलेत?"

"काहीच नाही."

"मग घाईनं व्यवहार करायला हवा," ती हसली. "आधी एक चक्कर मारून येते."

सकाळी त्यानं गाडी धुतली होती. तेल बघितलं होतं, हवा भरली होती, चाकांच्या तारा पुसल्या होत्या. टोपली स्वच्छ दिसावी म्हणून आतली सगळी वजनं काढून भिंतीशी रांगेत ठेवली होती. बाई कोपऱ्यावरून वळली तेव्हा टोपलीचं चाक विटेएवढं जमिनीवरून उचललेलं त्याला दिसलं. चाळीस वर्षं जे दुसऱ्यांच्या काट्यात बघितलं, ते स्वतःच्या गाडीत बघायचं राहून गेलं होतं. ही गाडी त्यानं बायको गेल्यापासून एकदाही रिकामी चालवली नव्हती.

बाई परत आली. उजवा दंड चोळत होती.

"काका, ही उजवीकडे पळतेय. फार."

"चूक माझी," तो म्हणाला. "ही आता बहात्तरची गाडी नाही."

"मग कितीची?"

"चौसष्टची. ती अठ्ठावन्न किलोंना लावलेली आहे. तेवढं वजन आत असलं की सरळ चालते."

बाईनं भिंतीशी मांडलेल्या वजनांकडे बघितलं. हिशेब तिलाही येत होता. "मग हरकत नाही. चौसष्टला आहे तशीच द्या. माझ्या कुंड्या साठेक किलो होतातच."

बोल्टांना हात लावायची गरज नव्हती. गाडी आहे तशीच राहिली असती. अनोळखी रस्त्यांवरून, झाडं घेऊन, अगदी बायकोच्या वजनाला सरळ चालत राहिली असती. किंमतही रास्त होती, दोष सांगून कमी केलेली; कुणी बोट ठेवू शकलं नसतं. तो 'बरं' म्हणणार एवढ्यात त्यानं विचारलं,

"जाताना कुंड्या. येताना काय असतं?"

"येताना काय असणार? रिकामी."

रिकामं परत येणं म्हणजे काय, हे काटेवाल्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्याला तर ते जमलंच नव्हतं. त्यानं लोखंड भरलं होतं. ही बाई रोज संध्याकाळी दमलेल्या हातानं, त्याच्या बायकोशी झगडत घरी जाणार.

"दोन तास थांबाल?" तो म्हणाला. "मी ती शून्यावर आणून देतो. पण मग बहात्तर."

"आधी स्वस्त सांगून मग महाग करणारा दुकानदार पहिल्यांदाच बघते."

"खोटं चौसष्टला होतं. खरं बहात्तरला आहे."

ती बाह्या सरसावून म्हणाली, "काय धरू?"

दोन सरळ फळ्या त्यानं चाकांना लावून जमिनीवर ठेवल्या. पुढचं अंतर, मागचं अंतर; फीत एका टोकाला तिनं धरली. चार बोल्ट. तिसरा हलेना. तेल सोडून, पान्याला पाइप लावून त्यानं जोर दिला, तेव्हा तो कुरकुरत फिरला. गाडी बोटभर सरळ उभी राहिली.

"कोण बसायचं हिच्यात?" बाईनं फितीवरची नजर न काढता विचारलं.

"बायको."

"वीस मिलिमीटर," ती म्हणाली.

"अजून थोडं."

रिकामी गाडी त्यानं स्वतः गल्लीच्या टोकापर्यंत नेली. किक तिनं मारून दिली. रुंद, रिकाम्या तुकड्यावर दोन्ही हात सोडले. गाडी सरळ गेली. टोपलीतून कुणी ओरडलं नाही.

पैसे, कागद, सह्या झाल्या. वजनं त्यानं बाजारातल्या दुसऱ्या दुरुस्तीवाल्याला द्यायची ठरवली होती. एक किलोचं तेवढं उचलून मुलीकडे न्यायच्या बॅगेत टाकलं. बाईनं गाडी सुरू केली. तिची जुनी मोटरसायकल ती नंतर नेणार होती.

"काका, नाक्यापर्यंत सोडू? चहा घेऊ."

तो टोपलीकडे बघत उभा राहिला. इतक्या वर्षांत तो हिच्यात कधी बसला नव्हता. दार उघडलं, आत बसला, दार ओढून घेतलं. गुडघ्याच्या उंचीचं ते दार त्याच्या म्हाताऱ्या गुडघ्यालाही बरोबर होतं.

इथून सगळं वेगळंच होतं. रस्ता हाताशी आलेला. पाट्या खालून वाचायच्या. गॅलऱ्या, वाळत घातलेले पडदे, एक हिरवा, एक विटकरी. आणि इंजिनाचा आवाज वरून, बाजूनं निघून जात होता. चालवणारी बाई स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होती, कुठे आधी जायचं, कुठे नंतर. त्याला तिचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. म्हणजे तीस वर्षं तो गाडी चालवताना जे काही पुटपुटला होता, गिऱ्हाइकांना दिलेल्या शिव्या, गुणगुणलेलं, बायकोविषयी कुणालाही न सांगितलेलं, ते सगळं तिनं इथे बसून ऐकलं होतं. आणि त्यानं तिचं निम्मंही नाही.

"काका, आता डावीकडे जातेय!" वरून बाई ओरडली.

"मी बसलोय म्हणून," तो म्हणाला. "मी उतरलो की सरळ जाईल."

तिला ऐकू आलं नाही. ती म्हणाली, "हो."