आपला नसलेला कुत्रा

गादीकाकांनी आयुष्यात कुठलीच गोष्ट चटकन आपली म्हणून कबूल केली नाही. शाळेत काच फुटली तेव्हा चेंडू त्यांचा नव्हता. दुकानातलं पाणी शेजारच्या झेरॉक्सवाल्याच्या दारात गेलं तेव्हा पाणीही त्यांचं नव्हतं. इतकंच कशाला, दवाखान्यात नर्सने नवी कोरी लेक हातात दिली, तेव्हा त्यांच्या तोंडून आधी निघालं, "नक्की आपलीच ना?" काकूंनी ते पलंगावर पडल्या पडल्या ऐकलं आणि आजतागायत विसरल्या नाहीत. माणूस वाईट नव्हता. पण एखादी वस्तू आपली म्हटली की तिचं काहीतरी निस्तरावं लागतं, ही धास्ती त्यांनी लहानपणीच घेतली होती.

मोटरसायकलच्या सीट शिवणं हा त्यांचा धंदा. फोम कापायचा, वर रेक्झिन ताणायचं आणि कडेने दुहेरी शिवण घालायची. त्यांची शिवण उसवलेली कुणी पाहिली नव्हती. याच दुकानात एक तपकिरी कुत्रा असायचा. फोमच्या तुकड्यांवर झोपायचा, काकांच्या डब्यातलं खायचा आणि संध्याकाळी त्यांच्या मागोमाग घरी जायचा.

"काका, कुत्रा तुमचा का?" कुणीतरी विचारायचं.

"छे, छे! आपला नाही. येतो, बसतो."

नावसुद्धा ठेवलं नव्हतं. नाव ठेवलं म्हणजे संपलंच की! बोलवायचं झालं तर काका नुसतं "शुकशुक" करायचे. गळ्यात मात्र पट्टा होता, उरलेल्या रेक्झिनचा आणि टोचू नये म्हणून आतून फोम लावलेला. आता अशा माणसाला काय म्हणावं?

रोज शटर उघडलं की काका दाराला आडवी फळी लावायचे, कुत्रा रस्त्यावर जाऊ नये म्हणून. एका सकाळी ती राहिली. कुत्रा सुसाट पळत सुटला, आणि समोरून मोटरसायकलवर ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर आले. कुत्र्याला वाचवायला त्यांनी हँडल वळवलं आणि ते थेट खांबावर गेले. दिवा फुटला, हात मोडला. त्याहून वाईट म्हणजे सिग्नलला थांबलेल्या त्यांच्याच शिकाऊ गाडीतल्या विद्यार्थिनीने काच खाली करून विचारलं, "सर, वळताना आधी आरशात बघायचं ना?"

काही दिवसांनी मास्तर प्लास्टरमधला हात आणि विमा कंपनीचे सर्व्हेअर घेऊन दुकानात हजर झाले. मोडकी मोटरसायकल बाहेरच उभी होती.

"सरळ हिशेब आहे," सर्व्हेअर म्हणाले. "कुत्रा मोकळा सोडला ही मालकाची हयगय. मास्तरांचं नुकसान कंपनी भरेल आणि मालकाकडून वसूल करेल. मालकच नसेल, तर पालिकेची गाडी येऊन कुत्र्याला घेऊन जाईल. बोला, कुणाचा आहे?"

काकांची पंचाईत झाली. हो म्हणावं तर खिशाला खड्डा, नाही म्हणावं तर कुत्रा गाडीत. डबा घेऊन आलेल्या काकूंनी डोळे वटारले. तोंड उघडायचं नाही, हे घरी दहादा बजावून झालं होतं. काका सुईत दोरा ओवत बसले. दोरा काही जाईना.

सर्व्हेअरांनी पट्टा निरखला, बाहेर जाऊन मोटरसायकलची सीट निरखली आणि परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. "मास्तर, तुमची सीट आणि याचा पट्टा एकाच रेक्झिनचे! शिवणही तीच!"

"अहो, सीट मी इथेच शिवून घेतली."

"आणि पट्टाही."

"पट्टा कशाला मी..."

तेवढ्यात कुत्रा उठला, शेपूट हलवत मास्तरांपाशी गेला आणि त्यांचं प्लास्टर चाटू लागला. मास्तर ओशाळले. "रोज सकाळी याला बिस्कीट घालतो मी. म्हणूनच त्या दिवशी धावत आला बिचारा."

"झालं तर मग! पट्टा तुमचा, खाऊ तुमचा, मालक तुम्ही. स्वतःच्याच कुत्र्याने पाडलं, तर वसुली कुणाकडून करायची?" सर्व्हेअरांनी पेन काढलं.

काकूंनी सुटकेचा निःश्वास सोडला. खिसा वाचला, कुत्राही वाचला. काकांचा दोरासुद्धा सुईत गेला. मास्तरांनी वाद घालायला तोंड उघडलं, खाली बघितलं आणि मिटलं. "बरं, असू दे. नाहीतरी घरी मी एकटाच असतो. चल रे, राजा!"

राजा? काकांनी सुई खाली ठेवली. कुत्रा मास्तरांच्या आणि त्यांच्या हातातल्या बिस्किटाच्या मागे चक्क पायरी उतरला, मागे वळूनही न बघता. संध्याकाळी आपण एकटे घरी जाणार, हे काकांना तेव्हा कळलं, आणि ते सहन होईना.

"ओ मास्तर!" काका ओरडले. "आपला आहे तो! आपलाच! फळी मी लावली नव्हती! पट्टा मी शिवलाय!"

झेरॉक्सवाला मशीन थांबवून बाहेर आला. सर्व्हेअरांनी लिहिलेलं खोडलं. "विचार करा. भरपाई तुमच्यावर येईल."

"येऊ दे. लिहा."

"कुत्र्याचं नाव?"

काका गोंधळले. इकडे तिकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "शुकशुक."

कुत्रा गर्रकन वळला, मास्तरांना आणि बिस्किटाला तिथेच सोडून परत आला आणि काकांच्या पायावर बसला. काकांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

आता काकू कडाडणार म्हणून झेरॉक्सवाला दोन पावलं मागे सरकला. काकूंनी डबा खाली ठेवला, नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "लेकीच्या वेळी इतक्या जोरात म्हणाला असतात तर!"