मामाजींची माठाखालची बाटली

लाकडाच्या वासावरून माणसाची किंमत ठरवणारा गृहस्थ अख्ख्या वऱ्हाडात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. मामाजींनी अमरावतीत जन्मभर लाकूड कापायची आरामशीन चालवली. कुणाच्या वास्तुशांतीला गेले की आधी दाराच्या चौकटीला नाक लावायचे, यजमानाला नमस्कार मागाहून. माझ्या लग्नात तर त्यांनी मला मिळालेला पलंग भर मांडवात हुंगला आणि माझ्या वडिलांना सांगितलं, "सागाचा म्हनून देऊन राह्यले, पन बाभूळ हाये. आमच्याच लोकाइनं फसवलं तुमाले." माझे सासरे पुढे वर्षभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

अशा माणसाची एकुलती एक लेक अकोल्याला शेतकी शिकली आणि थेट न्यूझीलंडात, समुद्रकाठच्या एका गार खोऱ्यात वाइन करायच्या कामाला लागली. चार वर्षांपूर्वी ती आली, तेव्हा ओक नावाच्या लाकडाच्या पिंपात मुरवलेल्या पांढऱ्या वाइनच्या दोन बाटल्या घेऊन आली. एक त्याच दिवशी उघडली. दारूचं वावडं असलेल्या मामाजींनी लेकीखातर स्टीलच्या वाटीत दोन घोट घेतले, हुंगले आणि डोळेच मिटले.

"आधी लिंबू," ते म्हणाले. "मंग ताजं लोनी, मंग फुटाने. अन् सर्वाच्या मांगून लाकूड. आत्ता कापल्यासारखं."

"म्हनून तं पिंपाइच्या खोलीतलं काम मागून घेतलं, बाबा," लेक म्हणाली. "सकाळी दार उघडलं का तुमच्या सदऱ्याचा वास येते."

दुसरी बाटली ती पुन्हा आली की उघडायची ठरली. पण आमच्या उन्हाळ्यात ती टिकायची कशी? फ्रिजवर मामाजींचा विश्वास नव्हता. त्यांनी ती माठाखालच्या ओल्या वाळूत आडवी पुरली आणि रोज दोन वेळा वाळूवर पाणी शिंपडू लागले. पाहुण्याला पाणी मिळायचं, पण माठाला हात लावायची सोय नव्हती. मे महिन्यात आम्ही चिखलदऱ्याला चला म्हटलं, तर म्हणाले, "वाळू सुकते, जावई. थंड्या मुलुखातली हाये ते, गरमी सोसत नाई तिले." मला तेव्हा त्यांच्याकडे बघवलं नाही.

यंदाही लेकीला सुट्टी मिळाली नाही. चार उन्हाळे झाले होते. तिनं फोनवर सांगितलं, "बाबा, आता तुमीच उघडा, नाई तं खराब होईन." एका रविवारी सकाळी मामाजींनी मला बोलावलं, व्हिडिओ कॉल लावून फोन माठाला टेकवून ठेवला आणि लेकीच्या देखत मी बाटली उघडली. रंग काळ्या चहाचा, वास नासलेल्या कैरीचा. मी काही बोलणार, तोवर मामाजींनी वाटी तोंडाला लावली होती.

"कशी लागते, बाबा?"

"आधी लिंबू," मामाजी म्हणाले. "मंग लोनी. मंग फुटाने."

"अन् लाकूड?"

"येऊन राह्यलं ना, माय. आत्ता कापल्यासारखं."

पडद्यावर लेक ओढणीनं डोळे पुसत हसली. फोन बंद झाल्यावर मामाजींनी उरलेली वाइन दोन वाट्यांत सारखी ओतली. "पोरीच्या हातची हाये," म्हणाले, "आंबट झाली म्हनून काय सांगता तिले?" मीही प्यालो.

निघताना पाहिलं, तर ते रिकामी बाटली पुन्हा वाळूत ठेवून वर पाणी शिंपडत होते.