गादीतला उस्ताद

अमरावतीच्या वेशीवरचा, नवसारीचा चक्का जाम मागे पडला, तरी खातूनबी भावाशी एका शब्दानं बोलली नव्हती. कापसाला भाव नाही म्हणून शेतकऱ्यांनी भर रस्त्यात कापूस ओतला होता आणि बैलगाड्या आडव्या घातल्या होत्या. एसटी अडली, ऑटो अडले. ही दोघं गर्दीतून अंग चोरून निघाली आणि वलगावची वाट पायीच धरली. पुढे ती, ताठ. मागे तिचा धाकटा भाऊ कुर्बान पिंजारी, दाढी अर्धी पिकलेली, खांद्याला पिशवी. पिशवीत दाभण, दोरा आणि कात्री.

वाट निम्मी झाली तेव्हा तो म्हणाला, "आपा, जरा हळू चाल ना."

"हळू? तिकडं तुही समधन विळा पाजून बसली असन. जुम्म्याची नमाज झाली का गादी फाडतो म्हणून राहिली ते. अन् मी हळू चालू."

"अरीबा थांबवीन तिले."

"नवी सून सासूले थांबवीन. वा रे वा. बापानं गादीत बाहुला शिवायचा अन् लेकीनं निस्तरायचं."

सांगायलाही लाज वाटावी, पण झालं होतं ते असं. कुर्बानजवळ लहानपणचा एक प्लास्टिकचा लढवय्या होता. वीतभर उंच, हिरवा, कमरेला लाल पट्टा. पाठीत कळ, ती दाबली की उजवा हात खाडकन वर जायचा. हातातली तलवार कधीच हरवलेली, त्यामुळे तो हात नुसताच हवेत उगारला जाई, एसटीला हात दाखवल्यासारखा. कुर्बान त्याला उस्ताद म्हणे. लेकीच्या, अरीबाच्या लग्नाआधी घराची साफसफाई निघाली, तेव्हा कुर्बानच्या बायकोनं, अनीसानं, स्वच्छ सांगितलं, "घरात चार लोकं येतीन. तो बुत मले दिसला तं चुलीत घालीन." या बहाद्दरानं काय करावं? लग्नाच्या गाद्या भरायला घेतल्या होत्या, त्यात स्वतःच्या बिछान्याची एक होती. तिच्या कापसात त्यानं उस्तादला निजवलं, वरून टाके घातले, आणि गादी ओळखू यावी म्हणून कोपऱ्याला लाल गोंडा बांधला.

आता लाल गोंडा म्हणजे काय, हे पिंजाऱ्याच्या घरातलं रांगतं पोरही सांगेल. या घराण्यात नवरीच्या गादीला लाल गोंडा असतो. बापानं बांधला, आज्यानं बांधला, खुद्द कुर्बाननं गावोगावच्या नवऱ्यांना बांधून दिला. जन्मभर जो धंदा केला त्याची रीत हा माणूस एका बाहुल्यापायी विसरला. अनीसानं गोंडा पाहिला आणि तीच गादी टेम्पोत चढवून वलगावला धाडली.

तिथं जावयाच्या, इमादच्या आईला, म्हणजे अरीबाच्या सासूला, पाठीचं दुखणं. सुनेची नवी गादी तिनं आपल्या खाली घेतली. आज सकाळी अरीबाचा दबक्या आवाजात फोन आला. "अब्बा, सासूच्या पाठीत काईतरी टोचून राहिलं. त्या म्हणतात गादीत कोणीतरी काई घातलं."

'कोणीतरी काही घातलं' याचा अर्थ वऱ्हाडात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. नवरीच्या गादीत बाहुला निघाला तर ती करणीच. एवढ्या तेवढ्यावरून पोरी माहेरी परत आलेल्या खातूनबीनं पाहिल्या होत्या. हे तर एवढं तेवढंही नव्हतं.

बायकोला सांगायची छाती नाही, म्हणून कुर्बान बहिणीच्या अंगणवाडीत आला आणि पोरांच्या सतरंजीवर बसून सगळं ओकला. खातूनबी अंगणवाडी सेविका. तिनं खिचडी उतरवली, मदतनीस बाईवर पोरं सोपवली, बुरखा चढवला आणि निघाली. व्याह्याच्या घरी जाऊन नवरीची गादी उसवायची तर बरोबर बाई हवी, एवढं तरी त्याला सुचलं होतं.

"मले एक सांग," चालता चालता ती म्हणाली. "माह्या अंगणवाडीत दरसाल पोट्टे येतात. एकेकाचा जीव असतो खेळण्यावर. मोटार घेतल्याशिवाय जेवत नाईत. अन् सहा वर्षाचे झाले का ते मोटार तिथीच टाकून शाळेत जातात. मांगं वळून पायत नाईत. तुले काहून नाई जमलं ते?"

"काय माईत."

"मामूनं मले रिबिनी आणल्या व्हत्या त्याच दिवशी. मी घेऊन बसली का त्या रिबिनी?"

हे अकोल्याचं. जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडच्या एका बोळात त्यांचं घर होतं. बाप हातानं कापूस पिंजायचा. छताला टांगलेलं पिंजायचं धनुष्य दिवसभर तुईं तुईं वाजायचं आणि कापसाची धूळ पोरांच्या भुवयांवर बसायची. मामू धामणगावला रेल्वे मालधक्क्यावर हमाल होता. एका ईदला तो गाडीतल्या फेरीवाल्याकडून भाच्याला उस्ताद आणि भाचीला रिबिनी घेऊन आला. रिबिनी विटल्या, चिंध्या झाल्या, गेल्या. जगात वस्तूंनी असंच जायचं असतं. उस्ताद मात्र अकोल्याहून अमरावतीला आला, धनुष्य जाऊन मशीन आली ती त्यानं पाहिली, आणि दुकानात फोमच्या गाद्यांपायी माशा मारायचे दिवस आले तेव्हा मशीनच्या पट्ट्यावर उभा राहून तोही कुर्बानबरोबर माशा मारू लागला.

थोडं अंतर गेल्यावर कुर्बान आपणहून बोलला. "आपल्या घरात जे आलं ते लोकायचं, आपा. कापूस लोकायचा. खोळ लोकायची. पिंजलं, भरलं, जाय वापस. अब्बाच्या घरात हा एकटा माहा व्हता."

"मालक झाला मोठा. हिरव्या प्लास्टिकचा जमीनदार."

"हास तू. अन् आता या सालांत गाद्या कोण्या येतात, माईत हाय? नवी कोणी भरत नाई. ज्या घरी कोणी औषध पिऊन गेलं, त्याची गादी आणतात. पयले लोकं अशी गादी फेकून देत. आता म्हणतात, पिंजून दे भाऊ, दुसरी कुठून आणू. ते मशीनवर घालाले मले भेव वाटते. त्या दिवशी याले खिशात ठेवतो."

खातूनबी क्षणभर थांबली. मग पुन्हा चालू लागली. "भेव वाटते तं अल्लाचं नाव घ्यावं. बाहुल्याचं काहून?"

"मशीन चालू असली का तोंडावर फडका असते."

"मनात घे."

"मनात तं भेव असते ना, आपा."

याला उत्तर होतं, पण ते देऊन उपयोग झाला असता असं तिला वाटलं नाही. चाळिशी उलटलेल्या माणसाला जे मौलानांनी सांगून कळलं नाही ते डांबरी रस्त्यावर ती काय सांगणार? तिनं मनातल्या मनात दुरूदची दुआ म्हटली. भावासाठी नाही, अरीबासाठी.

वलगावच्या घरी पोचली तेव्हा माणसं मशिदीतून परतली होती. अंगणात बाजेवर गादी पसरलेली. कोपऱ्यातला लाल गोंडा दुरूनच दिसत होता. इमादची आई शेजारी बसलेली, विळा मांडीवर. अरीबा दाराशी, तोंडावर रंग नाही.

"बरं झालं आले," इमादची आई म्हणाली. "तुमची पोरगी माही, तुमची गादी माही. पर माह्या पाठीखाली काय देलं ते तुमीच काढून दाखवा. मी हात नाई लावत."

कुर्बाननं बिस्मिल्ला म्हणत टाके कापले. त्याचा डाव शेवटपर्यंत हाच होता की गाठ झालेला कापूस म्हणून मुठीत दाबून बाहेर काढू. पण घाबरलेल्या बोटांनी कळ दाबली गेली. कापसातून हिरवा हात खाडकन वर आला.

"तौबा," इमादची आई उठून उभी राहिली. विळा खाली पडला. "शाहनवाज मियां, इकडं या. पाहा काय धाडलं यायनं पोरीसंगं. मी म्हणत नव्हती? आजच्या आज पोरगी घेऊन जा म्हना."

शाहनवाज, इमादचा बाप, हातातली पिकदाणी तशीच धरून आला.

"माहा हाय तो," कुर्बान पुटपुटला. "लहानपणचा. खेळाचा."

"दाढी पिकली माणसाची, अन् खेळाचा," इमादची आई म्हणाली. "कोणाले शिकवता? असं कोणी ठेवते काय?"

खरंच, कोण ठेवतं? हे खरं होतं आणि म्हणूनच कोणालाही पटण्यासारखं नव्हतं. खातूनबीला एवढं कळलं की गोड बोलून आता काही व्हायचं नाही. तिनं नकाब वर केला.

"समधनबी, करणी म्हणता? करणी कराले अक्कल लागते. याच्यात ते कुठून आणू? हा मॅट्रिकचा निकाल आणाले गेला तवा खिशात हाच व्हता. नापास झाला. निकाहाच्या दिवशी शेरवानीचा खिसा फुगलेला. काझी साहेबायनं विचारलं, मियां, हे काय? तं म्हणे अत्तराची बाटली. अत्तर. याच्या अंगाले जन्मात कापसाच्या धुळीशिवाय वास नाई. अनीसा आत कळा देऊन राहिली व्हती, अन् हा दवाखान्याच्या पायरीवर बसून याची कळ दाबे, खट, खट, खट. नर्सनं हाकलला गेटाबाहेर. लाल गोंडा नवरीच्या गादीले बांधतात हे कुत्र्या-मांजरायले माईत, अन् या पिंजाऱ्यानं तोच बांधला आपल्या गादीले. माहा सख्खा भाऊ हाय म्हणून सांगतो, करणी करन असा माणूस असता तं बरं झालं असतं. काई तरी केलं म्हणता आलं असतं त्यानं जन्मात."

इमादची आई खातूनबीकडे पाहत होती, कुर्बानकडे पाहत होती. कुर्बान दोरा बोटाला गुंडाळत होता, सोडत होता.

तेवढ्यात दारातून अरीबा बोलली. आवाज अगदी साधा. "हो अम्मी. अब्बाचाच हाय तो. मी लहान व्हती तवा लय मांगितला. रडली बी. कधी हात लावू देला नाई मले."

इमादच्या आईनं सुनेचं तोंड नीट निरखलं. अशी गोष्ट पढवून आणता येत नाही. ती मटकन बाजेवर बसली आणि आधी नाकातून, मग पोट धरून हसली. "पोरीले नाई देला? स्वतःच्या पोरीले? या अल्ला, काय माणूस हाय."

खातूनबीला हे माहीत नव्हतं. मघाशी एवढं बोलूनही तिच्याकडे बोलायचं आणखी शिल्लक आहे असं तिला वाटलं. पण कुर्बाननं लेकीकडे वर पाहिलं नाही, तेव्हा ते तिनं गिळलं.

शाहनवाजनं मधेच उस्ताद उचलला. पिकदाणी खाली ठेवली, कळ दाबली. हात वर गेला. पुन्हा दाबली. तिसऱ्यांदा दाबताना बायकोनं त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा घसा खाकरून त्यानं तो कुर्बानच्या हातात दिला. "मजबूत होतं पयले प्लास्टिक," एवढंच म्हणाला. खातूनबीनं मनात म्हटलं, हा दुसरा कुर्बान.

चहा झाला. कुर्बाननं गादी पुन्हा शिवली, आणि एवढं मात्र कबूल केलं पाहिजे, झक्क शिवली. निघताना इमादच्या आईनं आपला निकाल सांगितला. "गादी राहू द्या. पोरगी बी माहीच हाय. पर तो बुत तुमच्या घरात असेस्तोवर माही सून माहेरी येणार नाई. सांगून ठेवतो. बुताच्या घरी मी तिले धाडत नाई."

"बरोबर हाय," खातूनबी म्हणाली. तिला ते खरोखरच बरोबर वाटलं.

परतीला पेढी नदीच्या पुलावर कुर्बान थांबला. पाणी थोडंच होतं, पण एका बाहुल्यापुरतं पुष्कळ होतं. त्यानं पिशवीतून उस्ताद काढला, कठड्यावर ठेवला, कापसाचा एक तंतू पट्ट्यात अडकला होता तो नखानं काढला. खातूनबी चार पावलं पुढे जाऊन पाठमोरी उभी राहिली. माणसाला लाज वाटत असेल तर वाटू द्यावी, बघत उभं राहू नये. पाण्यात काही पडल्याचा आवाज येईल म्हणून ती कान देऊन होती.

आवाज आला नाही. कुर्बान तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. उस्ताद त्याच्या हातात होता.

"पोरीपेक्षा हा जास्त झाला तुले?" ती म्हणाली.

"नाई. घरात ठेवत नाई आता. खरंच नाई ठेवत." त्यानं उस्ताद तिच्या पुढे धरला. "आपा, तुह्या अंगणवाडीत खेळण्याची पेटी हाय ना? तिच्यात ठेव याले. तळाशी ठेव. पर पोट्ट्यायच्या हाती देऊ नको. कळ मोडतीन."